शेड कार्डवर बोट ठेवण्याआधी: रंगकाम करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न दराचा असतो आणि दुसरा हमखास असा: "घरात प्रसन्न वाटेल असा रंग सांगा ना." त्यापाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. परदेशातला कुठलासा हॉल, जमिनीपासून छतापर्यंत काचा, बाहेर बर्फ, आत राखाडी भिंत. खाली लिहिलेलं असतं, "हाच शेड पाहिजे." आणि ज्या हॉलला तो द्यायचा तो असतो कोथरूडला पहिल्या मजल्यावर, खिडकीसमोर बारा-पंधरा फुटांवर शेजारची बिल्डिंग.

निळ्याने शांत झोप लागते, पिवळ्याने आनंद वाढतो, हिरव्याने डोकं थंड राहतं, अशा याद्या सगळीकडे फिरतात. आम्ही तसली हमी देत नाही. इतकी वर्षं लोकांच्या घरात शिड्या लावून एवढं मात्र कळलं आहे की खोलीत बसावंसं वाटणं हे रंगाच्या नावापेक्षा त्या खोलीत येणाऱ्या उजेडावर जास्त ठरतं. तोच शेड एका फ्लॅटमध्ये लोण्यासारखा दिसतो आणि वरच्याच मजल्यावर मळकट. डबा तोच, कारागीरही तेच.

वास्तूप्रमाणे दिशेचा रंग हवा असेल तर जरूर सांगा, त्यावर आमचं काही म्हणणं नाही. हिरवा सांगितला असेल तर हिरव्यातलाच, पण तुमच्या उजेडाला मानवेल असा शेड काढून देऊ. हिरव्यात शेवाळ्यापासून कैरीच्या फोडीपर्यंत सगळं येतं.

आता मुख्य अडचण. रंग ठरतो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली किंवा मोबाईलवर, पहिला हात मारून होतो, आणि संध्याकाळी घरातली मंडळी भिंतीसमोर उभी राहून म्हणतात, "हा तो नाहीच." डबा चुकलेला नसतो, शेडचा कोड, म्हणजे कार्डावरचा नंबर, तोच असतो. काडेपेटीएवढ्या चौकोनात पाहिलेला रंग चार भिंतींवर गेला की गडद वाटतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर तोच रंग फेकतात. कार्डावर मलईसारखा वाटलेला पिवळा खोलीभर लावला की हळदीचा मांडव होतो. शिवाय इमल्शन, म्हणजे भिंतीला लावायचा पाण्यातला रंग, ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर एक पायरी गडद होतं, म्हणून पहिला हात चालू असताना दारात उभं राहून "छान आहे" म्हणण्यालाही अर्थ नसतो. मोबाईलच्या स्क्रीनबद्दल तर बोलायलाच नको.

मागच्या वर्षीचं एक काम सांगतो. हॉलला फिका राखाडी ठरला, रविवारी फोनवरच. सकाळी पहिला हात झाला तेव्हा सगळे खूश. दुपारी चारच्या सुमाराला ऊन समोरच्या बिल्डिंगच्या विटकरी भिंतीवर पडलं आणि तिथून उलटून हॉलमध्ये आलं. भिंत जांभळट दिसायला लागली. काकू सोफ्याच्या प्लॅस्टिकवर बसून बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "भिंतीला बरं नाहीये." खरंच तशी दिसत होती. राखाडी रंग आजूबाजूचं काहीही उचलतो, समोर झाड असेल तर हिरवट होतो, आकाश असेल तर निळसर. रंग बदलला, दोन दिवस गेले, फर्निचर चार दिवस हॉलच्या मधोमध झाकून पडलं. मशीनवर शेड मिसळून दिलेली बादली दुकानदार परत घेत नाही. ती बादली अजून आमच्या गोडाऊनला आहे. पार्किंगला किंवा जिन्याला कुणाला राखाडी हवा असेल तर स्वस्तात देऊ.

म्हणून आम्ही आता नमुना मारल्याशिवाय रंगाची ऑर्डर देत नाही. पुट्टी घासून प्रायमर झाला की तुमच्या पसंतीच्या दोन किंवा तीन शेडच्या २०० मिलीच्या डब्या आणतो आणि दोन फूट बाय दोन फुटांचे चौकोन मारतो, एक खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि एक खिडकीच्याच भिंतीवर. दोन्ही हात देतो. दोन चौकोनांमध्ये वीतभर पांढरी जागा सोडतो, कारण चिकटून मारले की एक रंग दुसऱ्याला बिघडवतो. मग एक पूर्ण दिवस तुमचा. सकाळी चहा पिताना बघा, दुपारी बघा, रात्री दिवे लावून बघा. ज्या खुर्चीवर रोज बसता त्या खुर्चीतून बघा, भिंतीला नाक लावून नको. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही विचारा, दिवसभर त्या भिंतीकडे बघणारे तेच असतात.

"एक दिवस फुकट जातो," अशी तक्रार होते. जातो, आणि त्या दिवशी आमचा माणूसही बसून राहतो. पण रंग बदलावा लागला तर निदान दोन दिवस जातात आणि डबा वेगळा. शेड पक्का झाला की चिठ्ठीवर कोड लिहून सही घेतो, त्यावरही काहींच्या भुवया वर जातात. हा अविश्वास नव्हे. घरात चार जण असतात आणि चौघांना चार कोड आठवतात. नमुन्याच्या डब्यांचे पैसे शेवटच्या बिलातून वजा होतात.

ही पद्धत आमची नवी नाही. वडील चुन्याचं काम करायचे तेव्हा चुन्यात नीळ कालवली की आधी जिन्याखाली पट्टा मारून वाळेपर्यंत विडी ओढत बसायचे. चुन्याचं इमल्शनच्या उलट, वाळला की उजळतो. मालकाला वाटायचं माणूस कामचुकार आहे.

दिव्यांचंही बघा. रात्री भिंत कशी दिसते हे बल्ब ठरवतो. उजेड पिवळसर की पांढरा हे केल्विनच्या आकड्यावरून कळतं. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड क्रीम, पीच, मातकट शेडना खुलवतो, ६५०० चा पांढराशुभ्र कूल डे लाइट त्याच भिंतीला निस्तेज करतो आणि झोपायच्या खोलीत तो उशिरापर्यंत चालू असेल तर झोपेलाही आड येतो. कितीदा तरी आम्ही रंग न बदलता बल्ब बदलायला सांगितलं आहे. त्यात आमचा धंदा बुडतो, पण ग्राहक टिकतो. अंधाऱ्या खोलीसाठी आणखी एक आकडा कामाचा आहे, एलआरव्ही. शून्य ते शंभरमधला हा आकडा शेड किती उजेड परत फेकतो ते सांगतो. जुन्या वाड्यातली किंवा एकाच खिडकीची खोली असेल तर साठच्या खाली सहसा जाऊ नका, आणि छत पांढरंच ठेवा.

भिंत वरखाली असेल तर चकचकीत फिनिश घेऊ नका, खिडकीच्या तिरप्या उजेडात प्रत्येक टवका दिसेल. ओल असेल तर रंगाचा प्रश्नच नाही, आधी गळती शोधा, भिंत वाळू द्या. ओल्या भिंतीवर काम आम्ही घेत नाही, कारण पुढच्या पावसात पोपडे धरले की नाव आमचं जातं.

घरात लहान बाळ असेल किंवा कुणाला दमा असेल तर आधी सांगा. कमी वासाचं इमल्शन वापरू, तरी पहिल्या एक-दोन रात्री दुसऱ्या खोलीत झोपणं बरं. दारं-खिडक्या-ग्रिलचा जुना ऑइल पेंट आम्ही कोरडा घासत नाही, पाणी मारून घासतो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरात किती आहे हे नुसतं बघून कळत नाही आणि त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जायला नको. यात वेळ लागतो, म्हणून या कामाचा दर इतरांपेक्षा थोडा जास्त दिसेल.

पूर्ण घर जमत नसेल तर एका खोलीचं कामही घेतो. घरी येऊन उजेड बघण्याचे पैसे नाहीत. फक्त दुपारी या म्हणू नका, आम्ही सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा येऊ.

दिवाळीआधी रंग हवा असेल तर गणपतीच्या आत नाव नोंदवा, नवरात्रात आमच्याकडे एकही कारागीर मोकळा नसतो. पितृपक्षात मात्र सगळे मोकळे असतात. त्या पंधरवड्यात काम सुरू करायला तुमच्या घरात कुणाची हरकत नसेल तर तारीख लगेच मिळेल आणि मजुरीतही सवलत देऊ.