क्रूझ जहाजबांधणीतील शाश्वतता

क्रूझ जहाजाचा आराखडा, बांधणी, वापर आणि अखेरची तोडणी या साऱ्या टप्प्यांवर इंधन, प्रदूषण व घातक कचरा कमी राखण्याचा विचार. मालवाहू जहाजापेक्षा इथला प्रश्न वेगळा आहे, कारण क्रूझ जहाज हे तरंगते हॉटेल असते. धक्क्याला लागल्यावरही वातानुकूलन, स्वयंपाकघरे, कपडे धुण्याची यंत्रे आणि दिवे चालूच राहतात. विजेची भूक बंदरातही भागवावी लागते आणि धूर नेमका वस्तीजवळ निघतो.

आजच्या बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांत इंजिने जहाज पुढे ढकलणारा पाण्यातील पंखा (प्रोपेलर) थेट फिरवत नाहीत. ती वीज तयार करतात आणि त्या विजेवर पंख्यांच्या मोटारी व हॉटेलाचा भार असे दोन्ही चालते. १९९८ मध्ये कार्निव्हल कंपनीच्या 'एलेशन'वर 'अ‍ॅझिपॉड' बसवले गेले. क्रूझ जहाजावर ते प्रथमच येत होते. यात मोटार आणि पंखा बुडाखालच्या एकाच फिरत्या कोशात असतात, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही आणि इंधन वाचते. बुडाखाली हवेचे बुडबुडे सोडून पाण्याचे घर्षण कमी करणे, इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी तापवणे याही रुळलेल्या युक्त्या आहेत.

सर्वांत अवघड निवड इंधनाची. जर्मनीतील पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट गोदीने डिसेंबर २०१८ मध्ये 'आयडानोवा' हे जहाज मालक कंपनीच्या हवाली केले. बंदरात आणि समुद्रातही द्रवरूप नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर, चालू शकणारे हे पहिले क्रूझ जहाज. हा वायू उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूपात साठवतात. त्याच्या ज्वलनात गंधकाची संयुगे आणि काजळी जवळजवळ निघत नाहीत, कार्बन डायऑक्साइडही सुमारे पाचव्या हिश्शाने कमी निघतो. बंदराकाठी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी हा लाभ खरा आहे.

हवामानाचा हिशेब मात्र वेगळा. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि इंजिनात तो पूर्ण जळत नाही. क्रूझ जहाजांवर वापरल्या जाणाऱ्या प्रकारच्या इंजिनांतून ३.१ टक्के इंधन न जळता निसटते, असे युरोपीय संघाचे 'फ्युएलईयू मेरिटाइम' नियम गृहीत धरतात. वीस वर्षांच्या मोजणीत मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक भरते. एवढ्या गळतीत पाचव्या हिश्शाची बचत बुडते. म्हणून अशा जहाजाला सरसकट 'हरित' म्हणणे योग्य नाही.

शिवाय जहाज दीर्घकाळ चालते. मुंबईहून २०१९ मध्ये फिरू लागलेली 'कर्णिका' ही क्रूझ १९९० साली इटलीत बांधलेली होती. २०२० च्या अखेरीस ती गुजरातमधील अलंगला तोडणीसाठी गेली. त्या मापाने आज पाण्यात उतरणारी जहाजे २०५० नंतरही चालतील. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नक्त शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे ते त्याच वर्षाच्या सुमाराचे.

बंदरातील धुराला किनाऱ्यावरील वीज हा सरळ उपाय आहे. अलास्कातील जुनो बंदरात २००१ पासून क्रूझ जहाजे इंजिने बंद करून धक्क्यावरची वीज घेऊ लागली. तिथली वीज मुख्यतः जलविद्युत. कोळशाच्या विजेवर हा लाभ बराच आटतो, तरी धूर शहरापासून दूर राहतो. त्यासाठी जोडणीची सोय आराखड्यातच ठेवणे स्वस्त पडते. युरोपातील प्रमुख बंदरांत २०३० पासून मोठ्या प्रवासी जहाजांना ही वीज घेणे बंधनकारक होईल.

तोडणीचा विचार जहाजबांधणीत फार उशिरा शिरला. फ्रान्समध्ये बांधलेले, १९६० साली जलावतरण झालेले 'फ्रान्स' हे जहाज 'ब्लू लेडी' या नावाने २००६ मध्ये अलंगला पोहोचले तेव्हा त्यातील, श्वासातून गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतुमय अ‍ॅस्बेस्टॉसवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००७ मध्ये तोडणीची परवानगी मिळाली. ती भिंतीआडची तंतुमय धूळ झेलायची होती ती अलंगच्या कामगारांना. २६ जून २०२५ पासून लागू झालेल्या, सुरक्षित जहाजतोडणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करारानुसार नव्या जहाजाबरोबर त्यातील घातक पदार्थांची यादी बांधणीपासूनच ठेवावी लागते, आणि कोणता पदार्थ कुठे व किती हे त्यात नोंदवावे लागते.