ट्राम रात्री मुक्कामाला कुठे जायची?

सोलापुरात ट्राम कधीच धावली नाही. १८६० साली इथे रेल्वे आली, १८७७ मध्ये पुढे ‘जुनी गिरण’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी उभी राहिली, भोंग्यावर पाळ्या बदलू लागल्या आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या दिशेने निघणारी मोठी गर्दी रस्त्यावर दिसू लागली. जगातल्या अनेक गिरणगावांत ट्राम आली ती नेमकी अशाच गर्दीसाठी. आपल्याकडे मात्र कामगार पायी गेला, पुढे सायकलवर गेला आणि हौस किंवा घाई असली तर टांग्यात बसला. त्यामुळे ट्राम म्हटले की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे जुन्या मुंबईचा किंवा कोलकात्याचा रस्ता उभा राहतो. त्या रस्त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ट्राम टिकली का आणि संपली का, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने मात्र रस्ता सोडून तिच्या आगारात डोकवावे, असे मला वाटते.

ट्राम आणि बस यांच्यातला मूळ फरक मुक्कामाच्या जागीच कळतो. बस बंद पडली तर तिला वळसा घालून मागची बस पुढे जाते आणि रात्री मोकळ्या पटांगणात ती कशीही उभी करता येते. ट्रामची सारी हालचाल एका रेषेवर बांधलेली असते. आगाराच्या तोंडाशी एक रूळजोडी आत शिरते, सांध्यांमागून सांधे (रूळ बदलण्याच्या जागा) फुटत ती पंख्यासारखी पसरते आणि प्रत्येक फाट्यावर गाड्या एकामागोमाग एक उभ्या राहतात. फाटा दुसऱ्या टोकाला बंद असेल तर सर्वांत शेवटी आलेली गाडी सकाळी सर्वांत आधी बाहेर काढावी लागते. ताटांच्या चळतीतून वरचेच ताट आधी उचलावे लागते, तसेच हे. म्हणून पहाटे कोणती गाडी कोणत्या मार्गावर जाणार, याचा निर्णय आदल्या रात्री ती कोणत्या फाट्यावर घालायची इथूनच सुरू होतो. हे काम पूर्वी अनुभवी माणूस डोक्यात करीत असे. आज तो गणितातला अभ्यासाचा प्रश्न आहे आणि गाड्यांची संख्या वाढू लागली की तो भलताच किचकट होतो.

पहिली आगारे म्हणजे तबेले होते. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला क्रॉफर्ड मार्केटवरून जाई आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे. काही गाड्यांना एक घोडा जुंपलेला असे, काहींना दोन. कंपनीच्या पदरी सुरुवातीला ९०० घोडे होते, असे सांगितले जाते. हा आकडा फुगवलेला वाटला तरी त्यामागचा हिशेब सोपा आहे. ट्राम ओढणारा घोडा दिवसातून चार-पाच तासच कामाला येई, गाडी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालवायची असे. दोन घोड्यांच्या एका गाडीला दिवसभरात तीन-चार जोड्या बदलाव्या लागत. आजारी, लंगडे आणि नव्याने शिकवायचे घोडे धरले की एका गाडीमागे आठ-दहा जनावरे सहज होत. त्यांचा दाणावैरण, नालबंद, मोतद्दार, पाणी आणि दररोज निघणारे लिदीचे ढीग, हे सारे आगारातच.  रोजचा मोठा खर्च तबेल्यात होता.

तरीही रूळ टाकण्यात शहाणपण होते. चार टन वजनाची भरलेली गाडी खडीच्या किंवा मुरमाच्या रस्त्यावर सपाटीला ओढायची, तर ढोबळ मानाने तिच्या वजनाच्या तीन टक्के, म्हणजे १२० किलोंच्या वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. तीच गाडी रस्त्यातल्या धुळकट रुळांवर असली तर अर्धा-पाऊण टक्का पुरतो, म्हणजे २० ते ३० किलो. लोखंडाचे चाक लोखंडी रुळावर जवळजवळ दबत नाही, रूळही दबत नाही, त्यामुळे चाकाला दर क्षणी नव्या खड्ड्यातून वर चढावे लागत नाही. हेच त्याचे कारण. दिवसभर काम करणारा घोडा स्वतःच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ५० किलोंच्या आसपास जोर टिकवून धरू शकतो. दोन घोड्यांना रुळावर अशी गाडी सहज जमते आणि मुरमावर ती त्यांच्या आवाक्याबाहेर जाते. घोड्यांचे हाल होत ते गाडी पुन्हा पुन्हा थांबून हलवताना, कारण स्थिर गाडीला गती देण्यासाठी लागणारा जोर चालत्या गाडीच्या कितीतरी पट असतो. प्रत्येक थांब्यागणिक जनावराचे आयुष्य झिजत असे.

तबेल्यावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेला एक साथही पुरेशी होती. १८७२ मध्ये उत्तर अमेरिकेत घोड्यांमध्ये फ्लूची साथ पसरली आणि शहरेच्या शहरे आठवडेच्या आठवडे अडकून पडली. कोलकात्याची पहिली घोडा-ट्राम तर फेब्रुवारी १८७३ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद झाली. तिथे ट्राम पुन्हा आली ती १८८० साली.

विजेने तबेला रिकामा केला. बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डे इथे सीमेन्सने १८८१ मध्ये विजेची ट्राम चालवली, तेव्हा वीज रुळांतूनच दिलेली होती आणि ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसत. फ्रँक स्प्रेग या अमेरिकी अभियंत्याने १८८८ मध्ये रिचमंड शहरात डोक्यावरची तार आणि गाडीच्या छतावरचा दांडा यांची जोडी सुमारे ४० गाड्यांवर, चढ-उतारांच्या रस्त्यांवर नीट चालवून दाखवली आणि पुढच्या काही वर्षांत जगभर तीच पद्धत रूढ झाली. मद्रासने १८९५ मध्ये निराळी वाट धरली होती. तिथे तार रस्त्याखालच्या चरात दडवली होती आणि मद्रासच्या पावसाने तो चर भरल्यावर व्हायचे तेच झाले. मग तिथेही तार वर गेली. सोलापुरात ट्राम आली असती, तर दर संक्रांतीला निघणाऱ्या उंचच उंच नंदीध्वजांच्या मिरवणुकीपुढे या तारांचे काय करायचे, हा प्रश्न गावात मोठ्या चवीने चर्चिला गेला असता, यात शंका नाही.

मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. तिच्या कंपनीच्या नावात वीजपुरवठा आणि ट्राम हे दोन्ही शब्द होते, आणि ही जोडी व्यवहार पाहून घातलेली होती. वीजघर एकदा उभारले की त्याचा बोजा दिवसभर वाटला गेला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ ट्राम वीज खाई, रात्री दिवे खात. तिची वारस असलेली मुंबईची ‘बेस्ट’ आजही वीज आणि बस ही दोन्ही कामे एका छपराखाली करते, त्याचे मूळ इथे आहे.

विजेच्या आगारात घोड्यांची जागा चाकांनी घेतली, आणि माझ्या मते आगाराचा सर्वांत मनोवेधक भाग म्हणजे त्याचा चाकांचा विभाग. ट्रामचे चाक पुष्कळदा दोन भागांचे असे: आतला गाभा आणि त्यावर बसवलेली पोलादी धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार धाव चढवतो, ते ज्याने पाहिले आहे त्याला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. धाव मुद्दाम किंचित लहान केलेली असते. ती तापवली की पसरते, तापलेली असतानाच चाकावर बसवतात आणि निवताना ती गाभ्याला आवळून धरते. ८० सेंटिमीटर व्यासाची पोलादी धाव २५० अंशांनी तापवली तर तिचा व्यास सुमारे २.४ मिलिमीटरने वाढतो, आणि व्यासाच्या हजाराव्या भागाइतका म्हणजे पाऊण-एक मिलिमीटरचा आवळा पुरेसा असल्यामुळे ती आरामात सरकते. झिजलेली धाव कापून नवी चढवता येते. गाभा तसाच राहतो. लोहाराच्या पालापुढे चाललेले काम आणि वीज कंपनीच्या कारखान्यातले काम यांत पदार्थविज्ञान एकच आहे, मापे तेवढी काटेकोर.

धाव झिजते, पण सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक रुळाला टेकते ती जागा जेमतेम नखाएवढी, सुमारे एक चौरस सेंटिमीटर असते. दबत नाही म्हणून ज्या चाकाचे कौतुक केले, त्याचीच पकड थांबताना कमी पडते. कोरड्या रुळावर गाडीच्या वजनाच्या एक चतुर्थांशाइतकी पकड धरली, तर ताशी ३० किलोमीटरने चाललेली ट्राम सुमारे १४ मीटरमध्ये थांबू शकते. पहिल्या पावसात रुळावरचे तेल आणि धूळ यांचा चिखल होऊन पकड एक दशांशावर आली, की तेच अंतर ३५ मीटरच्या पुढे जाते. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक आवळला तर चाक फिरायचे थांबते आणि घसरत जाते, आणि घसरणाऱ्या चाकावर त्या नखाएवढ्या जागी सपाट चट्टा पडतो. मग ती गाडी दर फेऱ्याला टक्‌ टक्‌ वाजत जाते. आगारातला जाणता कारागीर गाडी फाटकातून आत येतानाच हा आवाज ओळखी आणि तिला लेथकडे पाठवी.

यावरचा उपाय होता वाळू. ड्रायव्हरच्या हाताशी किंवा पायाशी एक कळ असे. ती दाबली की पेटीतली वाळू नळीतून चाकापुढे रुळावर सांडे आणि पकड परत येई. अट एवढीच की वाळू कोरडी हवी, कारण ओलसर वाळू नळीतच गोळा होऊन बसते, आणि तिची गरज तर पावसातच लागते. म्हणून ट्रामच्या आगारांत वाळू चाळण्याची आणि भट्टीवर वाळवण्याची व्यवस्था असे. सगळीकडे पाणी कोसळत असताना एका कोपऱ्यात चुलीवर वाळू भाजत ठेवलेली आहे, हे चित्र मला तरी फार आवडते.

ट्रामचे आयुष्य मावळले त्याची कारणे रस्त्यावर शोधली जातात: मोटारी वाढल्या, ट्राम अडसर ठरली. ते खरे आहे, पण अर्धेच. पहिल्या बांधणीचे रूळ, तारा आणि गाड्या एकाच सुमारास जुन्या होतात आणि सर्व काही एकदम बदलण्याची वेळ येते. त्याच वेळी बस मात्र कुणीतरी दुसऱ्याने बांधलेल्या आणि दुसऱ्याच्या खर्चाने दुरुस्त होणाऱ्या रस्त्यावरून धावत असते. कानपूरची ट्राम १९३३ मध्ये गेली, मद्रासची १९५३ मध्ये, दिल्लीची १९६३ मध्ये. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. ‘दादर टीटी’ या नावातला पहिला ‘टी’ ट्रामचा आणि दुसरा टर्मिनसचा आहे, हे आज तिथे उतरणाऱ्या अनेकांना माहीत नसते. कोलकात्यात सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदानातला एकच मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ट्राम मागे पडली तरी तिची आगारे उरतात, आणि ती बहुतेक वेळा शहराच्या ऐन मोक्याच्या जमिनीवर असतात. एकदा ती जमीन दुसऱ्या कामाला गेली की रूळ शाबूत असूनही ट्राम परत आणता येत नाही, कारण तिला रात्री उभे राहायला जागाच नसते.

आता सोलापूरच्या नात्याची गोष्ट. १८८९ च्या सुमारास नाशिक गाव आणि नाशिक रोड स्टेशन यांच्यामध्ये अडीच फूट अंतराच्या रुळांवर ट्राम सुरू झाली. आधी ती घोडे ओढत. तिचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. याच माणसाने त्याच रुंदीच्या रुळांवर पुढे बार्शी लाईट रेल्वे उभी केली, जी १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचली. कॅलथ्रॉपचा आग्रह असा की इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. तसे झाले तर रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, आणि तरीही गाडी लांबलचक जोडता येते. ट्रामच्या हलक्या रुळांचा विचार इथे रेल्वेच्या कामाला लावलेला दिसतो. ती अडीच फुटी लाईन या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने रुंद झाली. तिच्यासाठी कुर्डुवाडीत उभा राहिलेला कारखाना मध्य रेल्वेकडे आला. सोलापूरहून रेल्वेने सुमारे ८० किलोमीटरवर तो आहे.