फेअर ट्रेडच्या स्टॉलवर ‘रास्त भाव’ लिहू नका

गोव्यातल्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीची मुलं फेअर ट्रेडचा, म्हणजे पिकवणाऱ्याला परवडेल असा भाव देऊन घेतलेल्या मालाचा, सहकारी स्टॉल लावतात आणि दर वर्षी कुणीतरी झोकात फलक रंगवतं: ‘रास्त भावात सोलां’ (सोलां म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली). मग डिचोलीची एखादी आजी पाकीट उलटसुलट करून विचारते, "रास्त म्हणता, आणि बाजारापेक्षा वीस रुपये जास्त?" आजीचं काहीच चुकत नाही. चूक फलकाची.

रास्त भाव दुकान म्हणजे काय, हे रेशनकार्डवाल्याला सांगायला नको. रांग, अंगठा, तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो तांदूळ किलोला ३ रुपये ठरला, २०२३ पासून फुकट मिळतो. एवढं पुरे.

गोम आहे ती ‘रास्त’ या शब्दात. रेशनवर तो घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो: याहून जास्त घ्यायचं नाही. फेअर ट्रेडमध्ये तोच शब्द पिकवणाऱ्याकडे जाऊन बसतो: याहून कमी द्यायचं नाही. मधला फरक कोण भरतं ते बघा, म्हणजे गोंधळ उरणार नाही. रेशनवर सरकारी तिजोरी, स्टॉलवर तुम्ही. गोव्यात काजूचा बाजार पडला की आधारभूत किमतीतला फरक सरकार बागायतदाराला देतं ना? फेअर ट्रेडचं खरं नातं त्याच्याशी. फक्त इथे भार गिऱ्हाइकाच्या खिशावर.

आणि नुसता भाव बरा देऊन भागत नाही. आमची सोलां सत्तरीतल्या एका बचतगटाची. भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये. ती फोडायची, बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा टाकायच्या. आणि हे सगळं मिरगाच्या आत. त्याच दिवसांत घरात पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, खर्च. हातात पैसा नसला की बाई मेमध्येच व्यापारी म्हणेल त्या भावाला माल देऊन मोकळी होते. मग डिसेंबरात आम्ही कितीही ‘न्याय्य’ भाव देऊ, द्यायला माल असतो कुठे? म्हणून आंतरराष्ट्रीय फेअरट्रेडच्या नियमांत उत्पादकांनी मागितल्यास कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम देण्याची सोय असते. आमच्या मुलांनी एप्रिलमध्ये आपल्या सहकारी सोसायटीचे पन्नास-पन्नास रुपयांचे भाग (शेअर) काढले आणि मालाचे निम्मे पैसे बचतगटाला आधीच पोचवले. माझ्या मते स्टॉलवरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि फलकावर तिचा पत्ता नाही.

‘सहकारी’ची बाजू सोपी आहे. घरात ‘गोवा बागायतदार’ या सहकारी संस्थेचा सभासद असेल तर ठाऊकच असेल: भाग कितीही असोत, मत एकच. सेंद्रियाचा इथे संबंध नाही. फवारणी न केलेला माल पडेल भावाने उचलता येतो.

‘गरजू महिलांना हातभार लावा’ हा फलक मात्र मी स्वतः उतरवला. सोलां आंबट आहेत, मऊ आहेत, कढीला रंग चढतो. घ्यायला एवढं कारण बस्स झालं. देणगीची पेटी ठेवायची तर वेगळ्या टेबलावर ठेवा.

यंदा ‘रास्त’ पुसायला लावलं आणि पाकिटाच्या १२० रुपयांचा हिशेब खडूने लिहवून घेतला: बचतगटाला ८५, पाकीट नि वाहतूक १५, गटाच्या सामाईक फंडाला १० (तो कुठे खर्चायचा ते बायका बैठकीत ठरवणार), मुलांच्या सोसायटीला १०. आजीने चश्मा पुसून शेवटपर्यंत वाचलं, मान डोलावली.

"बरं, दोन घेतली तर कितीला देणार?"