अक्षता पडताना चित्र का फुटतं?

लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून करून घेतलेली डीव्हीडी लावा आणि ‘शुभमंगल सावधान’ येईपर्यंत थांबा. तोवर चित्र बऱ्यापैकी नीट असतं. अक्षतांचा वर्षाव सुरू झाला की नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात, अंतरपाटाची कडा विस्कटते आणि फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की क्षणभर सगळाच पडदा ठोकळ्यांचा होतो. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यावर किंवा कॅसेटच्या वयावर ढकलला जातो. खरं कारण मात्र डीव्हीडी करताना मांडलेल्या, किंवा न मांडलेल्या, एका हिशेबात असतं.

आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डिजिटल चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात आणि सेकंदाला २५ चित्रं. हे जसंच्या तसं साठवायचं तर रंगाची माहिती कमी करूनसुद्धा सेकंदाला साधारण १२४ मेगाबिट (बिट म्हणजे माहितीचा सर्वांत छोटा कण, मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट) लागतात. १९९५च्या सुमारास आलेले मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपचे, कॅमेरे ते २५ मेगाबिटवर आणतात. डीव्हीडीच्या नियमांत चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळतात, आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याच्या निम्मेच.

इतकी काटकसर जमते कशी? मिनीडीव्ही प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे दाबतं, म्हणजे कमी बिटांत बसवतं. डीव्हीडीची एमपेग-२ पद्धत जास्त धूर्त आहे. ती साधारण अर्ध्या सेकंदातून एकदा पूर्ण चित्र साठवते आणि मधल्या चित्रांसाठी फक्त ‘काय बदललं’ ते टिपून ठेवते. त्यासाठी चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात आणि ‘हा चौकोन मघाच्या चित्रात थोडा डावीकडे होता’ एवढ्यावर भागवलं जातं. पंगतीवरून संथ फिरणारा कॅमेरा या पद्धतीला फार सोपा जातो. अक्षतांचं तसं नाही. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, मघाच्या चित्रात ते तिथे नव्हतेच. अंदाज साफ चुकतो, सगळं नव्याने लिहावं लागतं आणि तेवढे बिट शिल्लक नसतात. मग चौकोनातले बारकावे टाकून दिले जातात. आपल्याला दिसतात ते हे चौकोन.

म्हणून पहिला प्रश्न एकच: एका डिस्कवर किती वेळ कोंबायचा? साध्या डिस्कची क्षमता ४.७ गिगाबाइट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. तासाभराचं चित्रण असेल तर ८ मेगाबिटच्या दराने आरामात बसतं. दोन तासांना आवाज धरून ५.२ मेगाबिट मिळतात. व्हीएचएसची, म्हणजे घरच्या व्हीसीआरच्या मोठ्या कॅसेटची, ई-१८० म्हणजे तीन तास, तिच्या वाट्याला जेमतेम साडेतीन. त्यात दुकानदाराने आवाज न दाबता ठेवला, तर दीड मेगाबिट तोच खाऊन टाकतो. डॉल्बी पद्धतीने दाबलेल्या आवाजाला १९२ किलोबिट पुरतात आणि मंगलाष्टकं ऐकताना घरच्या टीव्हीवर फरक कळत नाही. एवढा एक पर्याय बदलला की चित्राला मिळणारे बिट दोनावरून सव्वातीन मेगाबिटवर जातात. माझ्या मते यापेक्षा स्वस्तातली सुधारणा दुसरी नाही.

व्हीएचएससाठी आणखी एक युक्ती आहे, ती फारसं कुणी वापरत नाही. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ गुणिले ५७६ हा आकारही चालतो. व्हीएचएसवर आडवा तपशील मुळातच सुमारे २४० रेषांचा असतो, त्यामुळे ७२० ठिपके राखून हाती फारसं काही लागत नाही. ठिपके निम्मे केले की प्रत्येकाच्या वाट्याला दुप्पट बिट येतात. मिनीडीव्हीला मात्र हे करू नये, तिथे खरोखरच तपशील जातो.

शिवाय सॉफ्टवेअरमध्ये ‘टू पास’ निवडावं. पहिल्या फेरीत ते सगळं चित्रण नुसतं पाहून अवघड जागा टिपतं, दुसऱ्या फेरीत पंगतीचे बिट वाचवून अक्षतांना देतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो. लागू द्या.

कॅसेटवरची खरखर हाही बिट खाणारा प्रकार आहे. अपुऱ्या उजेडात काढलेल्या चित्रात मुंग्या वळवळताना दिसतात. डोळा त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, एमपेगला मात्र त्या चोवीस तास पडणाऱ्या अक्षताच वाटतात. दाबण्याआधी हलक्या हाताने खरखर कमी केली तर चेहरे सुधारतात. हात जड झाला की तेच चेहरे मेणाचे दिसतात.

संगणकात घेतानाची गळती वेगळी. मिनीडीव्ही फायरवायरच्या केबलने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या डिजिटल वायरीने) घ्यावं. त्यात टेपवरचे आकडेच उतरतात, दर्जा कणभरही जात नाही, तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते एवढंच. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून मात्र कमी दर्जाचं चित्र येतं. हाय८ या जुन्या कॅमेरा-टेपला पिवळ्या पिनेऐवजी उजेड आणि रंग वेगळे नेणारी एस-व्हिडिओ वायर वापरावी, कारण पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र कालवले जातात आणि नंतर पूर्ण वेगळे होत नाहीत.

आता एक फसवा दोष. वरातीतलं लेझीम थरथरतं, पण चित्र थांबवलं की धड दिसतं. कॅमकॉर्डरचं प्रत्येक चित्र दोन अर्धुकांचं असतं, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, दोहोंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. मिनीडीव्हीत खालचं अर्धुक आधी येतं. सॉफ्टवेअरने वरचं आधी धरलं की प्रत्येक हालचाल तीन पावलं पुढे, एक मागे अशी होते. ‘लोअर फील्ड फर्स्ट’ निवडलं की लेझीम ठेक्यात येतं. डीव्हीडीसाठी ही अर्धुकं एकत्र करून टाकण्याचा आग्रह सॉफ्टवेअर धरतं तेव्हा नाही म्हणावं. ते काम प्लेअर आणि टीव्ही करतात. आपण केलं तर निम्मी हालचाल कायमची जाते.

पूर्वी व्हीसीडी (सीडीवरचा व्हिडिओ) करून मूळ कॅसेट टाकून दिली असेल, तर यातलं फारसं काही उपयोगी नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८चं, १.१५ मेगाबिटमध्ये दाबलेलं. त्यावरून काढलेल्या डीव्हीडीत ठोकळेच मोठे होतात. कॅसेट शिल्लक असेल तर आधी तिच्या खिडकीतून आत पाहा. कोकणात, मुंबईत पावसाळी हवेने टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका: हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागेल. ती साफ करणाऱ्याकडे द्या. आणि डीव्हीडी झाली तरी संगणकात घेतलेली मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, म्हणजे पुढे पेनड्राइव्हसाठी नवी प्रत काढताना आधीच दाबलेलं चित्र पुन्हा दाबावं लागणार नाही.