लाट कोणाची, बांध कोणाचा

खनिजाने भरलेली बार्ज गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जाते तेव्हा काठावरच्या माणसाला आधी लाट दिसत नाही, पाणी ओसरताना दिसते. अरुंद पात्रात एवढे जड धूड शिरले की बाजूचे पाणी खाली बसते. क्षणभर चिखल उघडा पडतो, कांदळांची मुळे वर दिसतात, कुर्ल्या बिळांकडे पळतात. मग तेच पाणी परत फिरते आणि बांधाच्या पायथ्यावर आपटते. बार्ज तोवर वळणापलीकडे गेलेली असते.

होडीमागच्या या लाटेला इंग्रजीत ‘वेक’ म्हणतात. तिच्यासाठी काही देशांत स्वतंत्र नियम झाले. गोव्यात कायद्याचे लक्ष शतकानुशतके राहिले ते बांधावर.

त्याला कारण खाजण. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या फाट्यांच्या काठची सुमारे १८ हजार हेक्टर जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. ती माणसांनी खाडीकडून मिळवली आणि मातीच्या बांधांवर टिकवली. बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारे दार. भरती आली की तिची दारे पाण्याच्याच दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. आत खारे पाणी सोसणारा कोरगूट भात पिकतो. बांध फुटला तर पीक जातेच, शिवाय मातीतले मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात. म्हणून बांध राखणे ही एकट्याची नव्हे, गावाची जबाबदारी. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोराल या सनदेत गावकरीचे, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या संस्थेचे, रिवाज लिहून काढले, १९६१ मध्ये कोमुनिदादींची (गावकरीचेच पोर्तुगीज नाव) संहिता आली. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने शेत कसणाऱ्याला हक्क दिला, आणि १९७५ च्या नियमांनी बांधाची सामायिक जबाबदारी कूळ संघांकडे दिली. त्या नियमांच्या नावातच कुळांची ‘संयुक्त जबाबदारी’ आहे. बांध कोणी राखायचा, हे यात सगळे आले. त्याच्यावर आपटणाऱ्या लाटेला कोण जबाबदार, ते तिथे कोणी विचारलेले दिसत नाही. तेव्हा विचारण्याचे कारणही नव्हते म्हणा. शिडाच्या आणि वल्ह्याच्या होड्यांची लाट ती केवढी!

लाटेचे गणित मोठे विचित्र आहे. उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. स्पीडबोटीची सर्वांत मोठी लाट तिच्या सर्वाधिक वेगाला उठत नाही. होडी धड संथही नाही आणि पाण्यावर तरंगत सुसाटही नाही, नाक वर आणि शेपूट खाली, अशा मधल्या अवस्थेत ती उठते. म्हणून ‘जरा हळू घ्या’ एवढे सांगून भागत नाही. अर्धवट हळू घेतलेली होडी काठाला जास्त झोडपते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांचे काठालगतचे नियम त्यामुळेच वेगाच्या आकड्याबरोबर ‘लाट उठवू नका’ असेही सांगतात.

तिथला अलीकडचा वाद वेगळ्याच होड्यांचा. वेकबोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या होड्या टाक्यांत पाणी भरून मागची बाजू मुद्दाम खाली दाबतात, कारण उंच लाट हाच त्यांचा खेळ; तिच्यावर फळी घेऊन उभे राहायचे. मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ मध्ये मोजमापे करून अशा होड्यांनी काठापासून ५०० फूट, म्हणजे सुमारे १५२ मीटर, दूर राहावे असे सुचवले. व्हर्माँट राज्याने नागरिकांच्या अर्जावरून २०२४ मध्ये तसा नियमच केला. अंतर ५०० फूट, पाण्याची खोली किमान २० फूट, आणि या दोन्ही अटींत बसणारे सलग ५० एकर पाणी. इंग्लंडमधल्या विंडरमियर सरोवरावर २९ मार्च २००५ पासून ताशी १० सागरी मैलांची मर्यादा आहे. तिथे मात्र भांडण काठाच्या धुपेपेक्षा शांततेचे आणि सुरक्षिततेचे होते.

आपल्याकडचा कायदा बंदरांच्या वाटेने आला. १९०८ च्या बंदर कायद्याने बंदरात जहाजांचा वेग ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला. १९१७ चा कायदा नद्यांतल्या आगबोटींसाठी होता. गोव्याला हे सगळे लागू झाले ते १९६१ नंतर. पणजीतल्या ‘कॅप्टन ऑफ पोर्ट्स’ खात्याचे नाव अजून पोर्तुगीज ‘कापितानिया’ची आठवण देते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला ‘सुरक्षित वेग’ टक्कर टाळण्यासाठीचा. काठावरचे शेत त्यात येत नाही. २०२१ चा अंतर्गत जहाज कायदा प्रदूषणाबद्दल बोलतो, पण ते तेलाचे, सांडपाण्याचे, कचऱ्याचे. लाट या व्याख्येत कुठे बसवणार?

दरम्यान, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिजाच्या बार्जींनी नद्या भरल्या. बांधांची धूप आणि बार्जींच्या लाटा यांचा संबंध शेतकरी सांगत आले, अभ्यासकांनीही नोंदवला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, बार्जी धक्क्याला लागल्या. बांध मात्र त्यानंतरही फुटत राहिले. कारण लाट हे एकच दुखणे नव्हते. रेती उपसली जात होती, मासळीसाठी मानशीची दारे नको तेव्हा उघडी राहत होती, आणि शेती सोडलेल्या घरातला माणूस कुर्लीचे बीळ बुजवायला कशाला बांधावर जाईल? सगळा दोष बार्जीवर टाकणे सोयीचे आहे, पूर्ण खरे नाही.

२०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. मांडवी, जुवारी, कुंभारजुवा, म्हापसा, शापोरा आणि साळ हे गोव्यातले सहा त्यांत आहेत. खनिजाच्या बार्जी सोडल्या तरी क्रूझबोटी आणि कॅसिनोंकडे माणसे नेणाऱ्या होड्या आहेतच. मात्र व्हर्माँटचा नियम उचलून इथे लावता येणार नाही. दोन्ही काठांपासून १५२ मीटर सोडायचे तर पात्र ३०४ मीटरांहून रुंद हवे. कुंभारजुव्याचा कालवा बऱ्याच ठिकाणी तेवढा नाही. शिवाय सरोवराची पातळी दिवसभर तीच असते, खाडीची नसते. ओहोटीला आलेली लाट चिखलावर विरते, तीच लाट उधाणाच्या भरतीला बांधाच्या माथ्याशी पोचते. इथला नियम भरतीचे कोष्टक समोर ठेवूनच लिहावा लागेल.

उधाण अमावास्येला आणि पौर्णिमेला. फोंड्याच्या बाजूला पौषातल्या अमावास्येला काही गावांचे शेतकरी खाजणात जाऊन चिखलाची मगर घडवतात आणि तिची पूजा करतात. मांगे थापणी म्हणतात तिला. बांध सांभाळ, एवढेच मागणे असते.