क्षमा (ख्रिस्ती धर्म)

अन्याय करणाऱ्याविषयीचा आकस मनातून काढून टाकणे आणि सूड देवावर सोपवणे, म्हणजेच क्षमा, ही ख्रिस्ती जीवनातील पायाभूत साधना आहे. ‘जमले तर करावे’ अशा सद्गुणांत तिची गणना होत नाही. येशूने शिष्यांना शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थनेत’ भक्त स्वतःसाठी क्षमा मागतो ती ‘जशी आम्ही इतरांना केली तशी’ या शब्दांत. मत्तयच्या शुभवर्तमानात (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) ही प्रार्थना संपताच येशू तिच्यातल्या याच एका मागणीवर भाष्य करतो : जो इतरांना क्षमा करणार नाही, त्याला स्वर्गीय पिताही करणार नाही.

यामागचा विचार निर्दय चाकराच्या दाखल्यात (मत्तय, अध्याय 18) सर्वांत स्पष्ट दिसतो. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे येशूचा शिष्य पेत्र विचारतो. येशू ‘साताच्या सत्तर वेळा’ म्हणतो आणि गोष्ट सांगतो. राजा एका चाकराचे दहा हजार तालांतांचे (तालांत हे त्या काळचे मोठे चलनमाप) कर्ज माफ करतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा. म्हणजे सोबत्याचे कर्ज तीन-चार महिन्यांच्या कमाईचे, तर चाकराचे त्याच्या सहा लाख पट, कित्येक जन्मांतही न फिटणारे. सोबत्याचे देणे खोटे होते असे मात्र दाखला कुठेही म्हणत नाही. शंभर दीनारही गरिबाला थोडे नसतात.

वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी प्रार्थना करणारा येशू आणि दगडांचा मारा होत असताना तेच करणारा पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन हे या साधनेचे आदर्श होत. रोजच्या आचरणासाठी नियम साधे आहेत : सूर्य मावळेपर्यंत राग धरू नये, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे मन दुखावल्याचे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवासकाळाच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या) उंबरठ्यावर येणाऱ्या ‘क्षमेच्या रविवारी’ उपासक एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात.

क्षमा आणि समेट यांची गल्लत फार होते. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दुसऱ्याचा पश्चात्ताप लागतो. लूकच्या शुभवर्तमानात तर अपराध्याला आधी दोष दाखवून द्यावा, त्याने पश्चात्ताप केल्यास क्षमा करावी, असे आहे. त्यामुळे पश्चात्तापाआधीच क्षमा करावी का, यावर ख्रिस्ती विचारवंतांत मतभेद आहेत. शिक्षेचा प्रश्न आणखी वेगळा. 13 मे 1981 रोजी आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आग्जाला कॅथलिक चर्चचे प्रमुख पोप दुसरे जॉन पॉल यांनी चारच दिवसांत जाहीर क्षमा केली आणि 1983 मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तरी इटलीने त्याला माफी दिली ती 2000 साली. हा भेद विसरून, छळ सोसणाऱ्यांनाच ‘क्षमा करा’ म्हणत गप्प बसवण्याचे प्रकार चर्चमध्येही घडले आहेत. तक्रार नोंदवणे किंवा छळणाऱ्यापासून दूर राहणे क्षमेच्या आड येत नाही.