घशातली नागीण म्हणजे टॉन्सिल नव्हे

टॉन्सिल सुजणं घरोघरी माहीत आहे. ताप, लालबुंद घसा, गिळताना दुखणं, वर कधी पांढरे ठिपके. त्यावर वेळ घालवत नाही. चीड येते ती घशात नागीण उठलेली असताना ‘टॉन्सिलच असतील’ म्हणत मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन आणून गिळण्याची. कधीकाळी होऊन गेलेल्या कांजण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा उठतो, तीच नागीण. त्याला अँटिबायोटिकने काही होत नाही.

कमरेवरच्या नागिणीसारखे टपोरे फोड घशात शोधू नका. ओल्या अस्तरावर ते लवकर फुटतात, पिवळट चट्टे उरतात आणि बघणाऱ्याला तो पू वाटतो. कानात सणक तर दोन्ही आजारांत मारते.

खरा फरक नसांचा. मेंदूतून थेट निघणाऱ्या नववी आणि दहावी या नसा घसा, टाळू, स्वरयंत्र सांभाळतात. प्रत्येकीची डावी-उजवी जोडी. नागीण बहुतेकदा एकाच बाजूची नस धरते, म्हणून चट्टे मधली रेघ ओलांडत नाहीत. (‘वेढा पूर्ण झाला की माणूस जातो’ म्हणणाऱ्यांनी ही रेघ पाहिलेली नसते.) मग नस लुळी पडते: आवाज घोगरा, हवा गळाल्यासारखा होतो, पाण्याच्या घोटाला ठसका लागतो, कधी पाणी नाकातून परत येतं. टॉन्सिलवाला दुखतं म्हणून गिळत नाही. नागीणवाला गिळतो आणि घोट भलत्या वाटेने जातो.

टॉर्च मारून ‘आ’ करायला लावा. टाळू लुळी पडली असेल तर पडजीभ धडधाकट बाजूला ओढली जाते. टॉन्सिलशेजारी गळू झालं तरी ती सरकते, पण तिथे फुगवटा दिसतो आणि तोंड नीट उघडत नाही.

कधी सातवी नसही नागिणीच्या तावडीत सापडते: कानात फोड, त्याच बाजूचा चेहरा वाकडा. हा रॅमसे हंट सिंड्रोम, 1907 साली वर्णन झालेला. आठवी सापडली तर चक्कर येते, ऐकू कमी येतं.

असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शक्यतो पहिल्या 72 तासांत सुरू व्हावं. उशीर झाला तरी डॉक्टरांना विचारा, स्टिरॉइडचंही तेच ठरवतील. घशात गेरू लावता येत नाही, तेवढाच वेळ वाचतो. ठसका लागत असेल तर जबरदस्तीने पाणी पाजू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. नाकातून बारीक दुर्बीण घालून ते स्वरतंतू हलतो का ते पाहतात.